जुन्या संगणकांवर कार्यप्रणालीची स्थापना

जुन्या संगणकांवर कार्यप्रणालीची स्थापना म्हणजे निर्मात्याकडून मिळणारे साहाय्य संपलेल्या किंवा नव्या कार्यप्रणालींच्या किमान अपेक्षा पूर्ण न करणाऱ्या संगणकावर वापरण्याजोगी कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टम बसवण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत दोन साधनांना विशेष महत्त्व असते. पहिले साधन स्थापना माध्यम, म्हणजे फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्क. दुसरे साधन मजकूर संपादक, म्हणजे संरचना फाइलींमध्ये दुरुस्ती करण्यासाठी लागणारी लहानशी प्रणाली. प्रोसेसर, स्मृती आणि हार्ड डिस्क सुस्थितीत असूनही संगणक निकामी ठरवला जातो, तेव्हा अनेकदा अडचण वेगळीच असते. त्या संगणकाला वाचता येईल असे माध्यम उपलब्ध नसते, किंवा संरचना फाइलीतील एखादी ओळ चुकलेली असते.

महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये, छापखाने, पतसंस्था व लहान व्यापारी यांच्याकडे अनेक वर्षे वापरलेले संगणक आढळतात. जळगाव, धुळे व नंदुरबार हे खानदेशातील जिल्हेही याला अपवाद नाहीत. त्यामुळे या विषयाला शैक्षणिक आणि व्यावहारिक असे दोन्ही प्रकारचे महत्त्व आहे.

जुना संगणक : अर्थ व वर्गवारी

संगणकाचे वय केवळ खरेदीच्या वर्षावरून ठरत नाही. स्थापनेच्या दृष्टीने पुढील बाबी निर्णायक ठरतात.

• प्रोसेसर ३२ बिटी आहे की ६४ बिटी. ६४ बिटी कार्यप्रणाली ३२ बिटी प्रोसेसरवर चालत नाही. ६४ बिटी प्रोसेसर असलेल्या बहुतेक वैयक्तिक संगणकांवर मात्र ३२ बिटी कार्यप्रणाली चालू शकते.
• संगणक बायोस पद्धतीचा आहे की यूईएफआय पद्धतीचा. या दोन पद्धतींत बूट करण्याचे मार्ग वेगवेगळे असतात.
• स्मृती किती आहे. चित्रात्मक स्थापना प्रणालीला मजकूर स्वरूपातील स्थापना प्रणालीपेक्षा अधिक स्मृती लागते.
• हार्ड डिस्क कोणत्या जोडणीची आहे. जुन्या संगणकांत आयडीई, तर त्यानंतरच्या संगणकांत साटा जोडणी असते.
• कोणत्या साधनांवरून बूट होण्याची सोय आहे.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया

वीजपुरवठा सुरू झाल्यावर मुख्य फलकावरील बायोस प्रथम स्मृती, कळफलक व इतर जोडण्यांची तपासणी करते. त्यानंतर ठरवून दिलेल्या क्रमाने फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क इत्यादी साधने तपासली जातात. हार्ड डिस्क किंवा फ्लॉपीच्या बाबतीत बायोस पहिला ५१२ बाइटांचा विभाग स्मृतीत आणते व त्यातील सूचनांकडे नियंत्रण सोपवते. या सूचना बूट लोडरला आणि बूट लोडर कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, स्मृतीत आणतो.

या साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. बायोसला यूएसबी साधन ओळखता येत नसेल, तर पेन ड्राइव्हवरील मजकूर कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून माध्यम निवडण्यापूर्वी बायोसमधील बूट क्रमाची यादी पाहणे ही पहिली पायरी मानली जाते.

मुख्य फलकावरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपल्यास बायोसमधील मांडणी व दिनांक पुसले जातात. बहुतेक संगणकांत ही बॅटरी ३ व्होल्टची, सीआर २०३२ प्रकारची असते. दिनांक अनेक वर्षे मागे गेल्यास सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि इंटरनेटवरून घटक उतरवून घेणारी स्थापना मध्येच थांबते. ही अडचण नेटवर्कची वाटते, पण प्रत्यक्षात बॅटरी बदलून व दिनांक दुरुस्त करून ती सुटते.

स्थापना माध्यमे

फ्लॉपी

साडेतीन इंची उच्च घनतेच्या फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी असते. प्रत्येक बाजूस ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ विभाग व प्रत्येक विभागात ५१२ बाइट अशा दोन बाजूंच्या मांडणीतून १४,७४,५६० बाइट मिळतात. विंडोज ९५ ही कार्यप्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसिद्ध झाली. तिची फ्लॉपी आवृत्ती १३ फ्लॉपींची होती व त्यासाठी नेहमीपेक्षा अधिक क्षमतेची मांडणी वापरली होती. अशा संचातील एक फ्लॉपी जरी खराब झाली, तरी स्थापना अपुरी राहत असे.

पुढे सीडी प्रचलित झाल्यावरही फ्लॉपीची गरज संपली नाही. सीडीवरून थेट सुरू न होणाऱ्या संगणकांवर आधी डॉसची बूट फ्लॉपी वापरून सीडी चालक प्रणाली स्मृतीत आणावी लागे. त्यासाठी फ्लॉपीवरील कॉन्फिग डॉट सिस व ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन मजकूर फाइलींत योग्य ओळी असणे आवश्यक होते. विंडोज एक्सपीच्या स्थापनेत साटा हार्ड डिस्क ओळखली न गेल्यास सुरुवातीला एफ ६ कळ दाबून चालक प्रणाली फ्लॉपीवरून द्यावी लागे. ज्या संगणकांत फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, तेथे बायोसमध्ये साटाची मांडणी आयडीई पद्धतीवर आणणे हा पर्याय वापरला जाई.

सीडी व डीव्हीडी

सीडीवरून बूट करण्याची एल टोरिटो ही मानक पद्धत फिनिक्स टेक्नॉलॉजीज व आयबीएम यांनी १९९५ साली मांडली. सामान्य सीडीची क्षमता ६५० ते ७०० एमबी, तर एकपदरी डीव्हीडीची ४.७ जीबी असते. अनेक लिनक्स वितरणे दीर्घकाळ एका सीडीत मावतील अशी बनवली जात. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीने ऑक्टोबर २०१२ मधील १२.१० या आवृत्तीपासून ही मर्यादा ओलांडली. परिणामी केवळ सीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकांसाठी जुनी आवृत्ती किंवा लहान आकाराचे वितरण निवडणे भाग पडले.

जुने ड्राइव्ह पुनर्लेखनक्षम सीडी नीट वाचत नाहीत. अशा ड्राइव्हसाठी एकदाच लिहिता येणारी सीडी वापरणे व ती कमी वेगाने लिहिणे उपयुक्त ठरते. लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णता व सूर्यप्रकाशाने खराब होतो, त्यामुळे अशा तबकड्या थंड व अंधाऱ्या जागी ठेवाव्या लागतात.

पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह हे आजचे सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम आहे. मात्र यूएसबी जोडणी असणे आणि त्यावरून बूट होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक संगणकांत पेन ड्राइव्ह कार्यप्रणाली सुरू झाल्यानंतर चालतो, पण बायोस त्यावरून बूट करत नाही. अशा वेळी सीडी किंवा फ्लॉपीवरून प्लॉप यांसारखा बूट व्यवस्थापक सुरू करून पुढील नियंत्रण पेन ड्राइव्हकडे देता येते. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट असल्याने अशा संगणकांवर स्थापना संथ होते.

प्रतिमा फाइल म्हणजे आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती नकलून ठेवल्यास संगणक बूट होत नाही. ती बूट विभागासह लिहावी लागते. त्यासाठी विंडोजवर रुफस, लिनक्सवर डीडी ही आज्ञा आणि एकाच पेन ड्राइव्हवर अनेक प्रतिमा ठेवण्यासाठी व्हेंटॉय अशी साधने वापरली जातात. डीडी आज्ञेत लक्ष्य म्हणून चुकीच्या डिस्कचे नाव दिल्यास त्या डिस्कवरील माहिती कोणतीही पूर्वसूचना न मिळता नष्ट होते.

नेटवर्क

संगणकातील नेटवर्क कार्डावरून बूट करण्याच्या पद्धतीस पीएक्सई म्हणतात. यात एक संगणक सेवक म्हणून काम करतो. तो इतर संगणकांना पत्ता व बूट फाइल पुरवतो. एकाच प्रकारचे वीस-पंचवीस संगणक असलेल्या प्रयोगशाळेत ही पद्धत सोयीची असते, कारण प्रत्येक संगणकासाठी वेगळे माध्यम लागत नाही व सीडी ड्राइव्ह नादुरुस्त असला तरी काम अडत नाही.

हार्ड डिस्क काढून स्थापना

वरीलपैकी कोणताही मार्ग उपलब्ध नसल्यास हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली जाते व तेथे स्थापना करून ती परत मूळ संगणकात बसवली जाते. लिनक्समध्ये ही पद्धत बहुधा यशस्वी होते. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत मुख्य फलक बदलल्यास कार्यप्रणाली सुरू होताना बंद पडण्याचा संभव असतो. जुन्या बायोसच्या डिस्क क्षमतेच्या मर्यादाही येथे लक्षात घ्याव्या लागतात. कालमानानुसार या मर्यादा ५२८ एमबी, ८.४ जीबी व १३७ जीबी अशा होत्या.

माध्यमाची पडताळणी

उतरवून घेतलेली फाइल मूळ फाइलीशी तंतोतंत जुळते की नाही, हे तिच्या एसएचए २५६ या गणिती ठशावरून तपासतात. फाइलीतील एक बिट जरी बदलला, तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. स्थापना निम्म्यावर थांबणे, प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी चूक दाखवणे ही अपुऱ्या फाइलीची, खराब तबकडीची किंवा सदोष स्मृतीची लक्षणे असू शकतात. ठसा जुळत असल्यास पुढे मेमटेस्टसारख्या प्रणालीने स्मृती तपासली जाते.

मजकूर संपादक

कार्यप्रणालीची अनेक महत्त्वाची मांडणी साध्या मजकूर फाइलींत असते. लिनक्समध्ये डिस्क विभाजने कोठे जोडावीत हे एफस्टॅब या फाइलीत लिहिलेले असते. विंडोज एक्सपीमध्ये बूट डॉट आयएनआय ही फाइल कोणत्या विभाजनावरून सुरुवात करायची ते सांगते. चित्रात्मक पटल सुरू होत नसेल, तर या फाइली दुरुस्त करण्यासाठी आज्ञापटलावर चालणारा संपादक हाच मार्ग उरतो.

प्रमुख संपादक

• ईडी : केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी लिहिलेला ओळ संपादक. यात एका वेळी संपूर्ण पान दिसत नाही, ओळीचा क्रमांक देऊन आज्ञा द्याव्या लागतात. अत्यंत कमी स्मृतीत चालतो.
• व्हीआय : बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिण्यास सुरुवात केलेला संपूर्ण पटलावरील संपादक. आज्ञा देण्याची व मजकूर लिहिण्याची अशा दोन वेगळ्या अवस्था हे याचे वैशिष्ट्य होय. आय कळ दाबल्यावर मजकूर लिहिता येतो. एस्केप कळ दाबून अपूर्णविराम, डब्ल्यू, क्यू ही अक्षरे व एंटर दिल्यास फाइल जतन होऊन संपादक बंद होतो. काहीही न बदलता बाहेर पडण्यासाठी डब्ल्यू, क्यूऐवजी क्यू व उद्गारचिन्ह देतात. बहुतेक युनिक्सवजा प्रणालींत व्हीआय किंवा त्याची लहान आवृत्ती उपलब्ध असते.
• नॅनो : पिको या संपादकाला मुक्त पर्याय म्हणून ख्रिस अ‍ॅलेग्रेटा यांनी १९९९ साली सुरू केलेला संपादक. आज्ञांची यादी पटलाच्या तळाशी दिसत असल्याने नवशिक्यांना सोपा जातो. देबियनच्या स्थापना प्रणालीतील आज्ञापटलावरही तो उपलब्ध असतो.
• एडलिन व एडिट : डॉसमधील संपादक. एडलिन हा ओळ संपादक टिम पॅटरसन यांनी १९८० साली लिहिला. पूर्ण पटलावरील एडिट १९९१ साली एमएस-डॉस ५.० बरोबर आला.
• नोटपॅड : विंडोजमधील साधा संपादक. दुसऱ्या संगणकावर फाइल तयार करून ती माध्यमावर ठेवण्यासाठी वापरला जातो.

वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांसारखे शब्दसंस्कारक या कामासाठी अयोग्य ठरतात. ते मजकुराबरोबर स्वरूपणाची माहितीही साठवतात आणि सरळ अवतरणचिन्हांचे वक्र चिन्हांत रूपांतर करतात. अशी फाइल कार्यप्रणालीला वाचता येत नाही.

ओळीचा शेवट

डॉस व विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, युनिक्सवजा प्रणालींत एकच असते. विंडोजवर लिहिलेली आज्ञांची फाइल लिनक्सवर नेल्यास हे जादा चिन्ह आज्ञेचा भाग समजले जाते आणि दिसायला बरोबर असलेली ओळ चुकीची ठरते. नोटपॅडमध्ये युनिक्स पद्धतीच्या ओळी नीट दिसण्याची सोय २०१८ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वी अशी फाइल एकाच लांबलचक ओळीत दिसत असे.

बूट करतानाची दुरुस्ती

ग्रब या बूट लोडरच्या यादीत ई कळ दाबल्यास तात्पुरता संपादक उघडतो व कर्नेलला दिल्या जाणाऱ्या ओळीत बदल करता येतो. पटल काळे पडत असल्यास तेथे नोमोडसेट हा शब्द जोडतात. २००३ च्या सुमारास आलेल्या काही पेंटियम एम प्रोसेसरांत पीएई ही सुविधा असूनही ती जाहीर केली जात नाही. त्यामुळे उबुंटूसारख्या वितरणांची स्थापना सुरुवातीलाच थांबते. उबुंटूच्या १४.०४ आवृत्तीपासून फोर्सपीएई हा शब्द जोडून ही अडचण दूर करता येऊ लागली. एका शब्दाच्या दुरुस्तीने संगणक वापरात येतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मराठी व देवनागरीसंबंधी बाबी

लिनक्सच्या मजकूर पटलावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हाकृती वापरता येतात आणि जोडाक्षरे व मात्रा जुळवण्याची सोय नसते. त्यामुळे तेथे देवनागरी मजकूर नीट दिसत नाही. देबियनच्या ४.० आवृत्तीत २००७ साली चित्रात्मक स्थापना प्रणाली आल्यानंतर भारतीय भाषांतून स्थापना करणे शक्य झाले व पुढे मराठीचाही त्यात समावेश झाला. मात्र चित्रात्मक प्रणालीला अधिक स्मृती लागत असल्याने कमी स्मृतीच्या संगणकावर स्थापना इंग्रजीतून करून मराठी कळफलक व टंक नंतर जोडणे सोयीचे ठरते.

संरचना फाइलींत आकडे नेहमी इंग्रजी पद्धतीचे लिहावे लागतात. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना देवनागरी ३ उमटल्यास तो वाचकाला तीनच वाटतो, परंतु कार्यप्रणाली त्याला संख्या मानत नाही. परवलीचा शब्द ठरवतानाही कळफलक कोणत्या भाषेत आहे याची खात्री करणे आवश्यक असते.

युनिकोडपूर्व काळातील मराठी दस्तऐवज हा या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सीडॅकची आयएसएम व आकृती या प्रणालींमध्ये तयार झालेल्या अनेक फाइलींत देवनागरी अक्षरे विशिष्ट टंकांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असतात. डिस्क पुसताना हे टंक नष्ट झाल्यास फाइल सुरक्षित राहूनही तिच्यातील मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. छापखान्यांतील ग्रंथांच्या मुद्रणप्रती, ग्रामपंचायतींची जुनी पत्रे व स्थानिक नियतकालिकांचे अंक अशा प्रकारे वाचनातून जाऊ शकतात. म्हणून फाइलींबरोबर टंकांचीही नक्कल घेणे व शक्य असल्यास स्थापनेपूर्वीच मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे इष्ट ठरते. काही जुन्या मुद्रण व हिशेब प्रणालींना समांतर पोर्टला जोडायचे हार्डवेअर लॉक लागते. नव्या कार्यप्रणालीत ते चालेल की नाही, हेही आधी तपासावे लागते.

महाराष्ट्र व खानदेशातील परिस्थिती

इंटरनेटचा वेग कमी असलेल्या काळात स्थापना माध्यमे मुख्यतः हस्तांतरणाने पसरली. सेकंदाला ५६ किलोबिट वेगाच्या डायल-अप जोडणीवर ७०० एमबीची प्रतिमा उतरवण्यास सुमारे २८ तास लागतात. बीएसएनएलने २००५ साली ब्रॉडबँड सेवा सुरू केल्यानंतर २५६ किलोबिटच्या जोडणीवर हा कालावधी सुमारे ६ तासांवर आला. त्यामुळे पीसीक्वेस्ट व २००३ साली सुरू झालेले लिनक्स फॉर यू या इंग्रजी मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडींना विद्यार्थ्यांमध्ये मोठे महत्त्व होते. उबुंटूच्या शिपइट योजनेतून टपालाने विनामूल्य सीडी मिळत असत. ही योजना २०११ साली बंद झाली. सीडॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेली व देबियनवर आधारित बॉस ही कार्यप्रणाली भारतीय भाषांसाठी उपलब्ध झाली. तिची शालेय आवृत्ती एज्युबॉस या नावाने ओळखली जाते.

राज्यात संगणक साक्षरतेचा प्रसार २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे मोठ्या प्रमाणावर झाला. खानदेशातील उच्च शिक्षण १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येते. २०१८ साली विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या संगणक परिचालन व आज्ञावली साहाय्यक म्हणजे कोपा या अभ्यासक्रमात कार्यप्रणालीच्या स्थापनेचा समावेश असतो. जळगाव शहरातील गोलाणी मार्केट हे व्यापारी संकुल मोबाइल व संगणक साहित्याच्या दुकानांसाठी परिचित आहे.

खानदेशच्या हवामानाचा या कामाशी थेट संबंध येतो. मे महिन्यात जळगाव व भुसावळ परिसरात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. स्थापनेच्या वेळी प्रोसेसर व हार्ड डिस्क दीर्घकाळ सलग काम करतात. पंख्यात धूळ साचलेली व प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असल्यास संगणक आपोआप बंद पडतो आणि दोष माध्यमात असल्याचा गैरसमज होतो. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम सकाळी करणे व त्यापूर्वी पंखा साफ करणे हितावह असते.

वीजपुरवठा खंडित होणे हा दुसरा धोका होय. डिस्कचे विभाजन बदलताना किंवा बूट लोडर लिहिताना वीज गेल्यास डिस्कवरील जुनी माहितीही हाती लागत नाही व नवी कार्यप्रणालीही अपुरी राहते. २००० च्या दशकात राज्याच्या ग्रामीण भागात भारनियमन दीर्घ काळ चालत असे. आजही स्थापनेपूर्वी यूपीएसची बॅटरी तपासणे ही प्राथमिक खबरदारी मानली जाते.

सद्यस्थिती व मर्यादा

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी ६४ बिटी प्रोसेसर, ४ जीबी स्मृती, यूईएफआय व टीपीएम २.० ही सुरक्षा चकती आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक अधिकृतपणे अपात्र ठरतात. लिनक्स वितरणांतही ३२ बिटी साहाय्य कमी होत आहे. फेडोराने २०१९ साली ३२ बिटी आवृत्त्या बंद केल्या. देबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटी वैयक्तिक संगणकांसाठी स्थापना प्रणाली नाही. पपी लिनक्स, अँटीएक्स व टायनी कोअर यांसारखी लहान वितरणे जुन्या संगणकांसाठी वापरली जातात.

साहाय्य संपलेली कार्यप्रणाली इंटरनेटला जोडणे धोक्याचे असते, कारण तिच्यातील नव्याने सापडलेले दोष दुरुस्त होत नाहीत. बँक व्यवहारांसाठी असा संगणक वापरू नये. टंकलेखनाचा सराव, प्रोग्रॅमिंगचे शिक्षण किंवा जुने दस्तऐवज वाचणे यांसाठी तो नेटवर्कशिवायही उपयोगी पडू शकतो. अतिशय जुना संगणक त्याच कामासाठी अधिक वीज खर्च करतो, ही बाबही निर्णय घेताना विचारात घ्यावी लागते.

दुरुस्तीपलीकडे गेलेला संगणक भंगारात न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवणे अपेक्षित असते. यासंबंधीचे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. संगणक देण्यापूर्वी हार्ड डिस्कवरील माहितीची नक्कल घेऊन ती पूर्णपणे पुसणे आवश्यक असते, कारण केवळ फाइली काढून टाकल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने माहिती नष्ट होत नाही.

हेही पाहा

• कार्यप्रणाली
• बायोस
• लिनक्स
• युनिकोड
• इनस्क्रिप्ट
• ई-कचरा